एकाच पऱ्यावरची गुरे

(तृतीय वर्ष कला)

आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या दंडावर रुपयाएवढा एक वण असतो. तो देवीच्या लसीचा. लस टोचण्याला ही माणसे अजून 'देवी काढणे' असेच म्हणतात. देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे १९८० साली जाहीर झाले. रोग गेला, शब्द मात्र मागे राहिला. इंग्रजीत लसीला जो शब्द आहे त्याच्या पोटात लॅटिनमधली गाय आहे. १७९६ साली एडवर्ड जेन्नरने एका गवळणीच्या हातावरचा, गाईपासून आलेला फोड घेऊन त्यातला द्रव एका मुलाला टोचला, तेव्हापासूनचे हे नाते. सहा वर्षांनी, १४ जून १८०२ रोजी, मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातली पहिली लस टोचली गेली. म्हणजे माणसाला लस दिली ती गाईने. गाईला लस द्यायची पाळी माणसावर येते तेव्हा तो काय करतो, हे मी गेल्या कार्तिकात आमच्या वाडीत पाहिले. ते सांगावेसे वाटले म्हणून हा लेख.

आमचे घर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, सावित्रीला मिळणाऱ्या एका पऱ्याच्या काठी आहे. चढावर मराठ्यांची वाडी, उतारावर आमची बौद्धवाडी, आणि दोन्ही वाड्यांना एकच पऱ्या. बारा गुंठे भातखाचर आणि दीड एकर वरकस जमीन. तीत नाचणी नाही तर वरी. वडील मुंबईला नोकरीला असतात. शेत आणि गोठा आई व आजी सांभाळतात. गोठ्यात एक गाय आणि मे महिन्याच्या अखेरीस झालेली तिची कालवड. रंग तांबडा, म्हणून नाव तांबू. ही कोकणातली गाय अंगाने लहान, डोंगर चढायला काटक आणि चार महिन्यांच्या पावसात टिकून राहणारी. अलीकडे तिची 'कोकण कपिला' अशी स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे. दूध म्हणाल तर घरच्या चहापुरते आणि वर एखादा पेला. पण नाचणीला शेण लागते, आणि पुढेमागे तांबूला पाडा झाला तर औताला बैल होतो.

एका कालवडीचे एवढे काय, असे शहरातल्या मित्रमैत्रिणींना वाटेल. त्यांना आमच्या घराचा गुरांशी असलेला जुना संबंध सांगायला हवा. तो संबंध मेलेल्या गुरांशी होता. गावात ढोर मेले की ते ओढून न्यायचे काम आमच्या माणसांचे, आणि त्याचे मांस हीच त्या कामाची मजुरी. बुळकांडीची साथ आली की गोठेच्या गोठे बसत, तेव्हा ओढणाऱ्यांच्या खांद्यांची सालपटे निघत, असे पणजोबा सांगत. आजीने ते ऐकलेले आणि तिच्याकडून आम्ही.

महाडला कॉलेजात आल्यापासून चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर मी अनेकदा बसले आहे. आपण सगळेच बसतो. सी. के. बोले यांच्या १९२३ सालच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले आणि १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने हे तळे खुले केल्याचा ठराव केला, हे आपण इतिहासाच्या तासाला लिहून घेतो. ठराव झाला, पण पाणी मिळाले नाही. गुरे त्या तळ्यावर पाणी पीत होती. माणसांपैकी काहींना तेवढी मनाई होती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह येऊन ते पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर तळे 'शुद्ध' करण्यासाठी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या एकशे आठ घागरी त्यात ओतल्या गेल्या. तळे सर्वांचे आहे हे मुंबई उच्च न्यायालयाकडून कायम व्हायला १९३७ साल उजाडले. या साऱ्या प्रकरणात गाय दोनदा येते. एकदा पाणी पिणारी म्हणून, आणि एकदा पाणी शुद्ध करणारी म्हणून. दोन्ही वेळा बिचारीला कोणी काही विचारलेले नव्हते!

त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या गुरांचे मांस सोडा असे कळकळीने सांगितले. आमचे पणजोबा तेव्हा बारा वर्षांचे. वडिलांचे बोट धरून ते पोलादपूरकडून महाडपर्यंत चालत आले होते. परतल्यावर घरातला ढोर ओढायचा दोर चुलीत गेला. पुढच्या लावणीला आमच्या माणसांना कोणी मजुरीवर बोलावले नाही. पहिली जिवंत गाय घरात आली ती १९७४ साली, आजोबांच्या गिरणीतल्या पगारातून. तांबू ही त्याच गाईच्या वेलातली. आजी तिच्या पाठीवरून हात फिरवते तेव्हा ती काय काय कुरवाळत असते, ते मला थोडे थोडे कळते.

आता लसीविषयी. २०१९ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने गुरांच्या दोन रोगांविरुद्ध देशभर मोहीम सुरू केली. एक लाळ्या-खुरकूत आणि दुसरा सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेलोसिस. पहिल्याची लस पुन्हा पुन्हा द्यावी लागते. दुसरीची तऱ्हा निराळी. ती फक्त मादी वासरांना, वयाच्या चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान आणि जन्मात एकदाच देतात. नर वासराला ती द्यायची नसते, गाभण गाईलाही नाही. आठ महिने उलटले की वेळ गेली. तांबू मेअखेरची, म्हणजे जानेवारीच्या आत तिला लस मिळायला हवी होती.

या रोगाने गाय मरत नाही, म्हणून त्याचा धाक वाटत नाही. चांगली धडधाकट दिसणारी गाय सहाव्या-सातव्या महिन्यानंतर गाभ टाकते. टाकलेल्या गर्भात, वारेत आणि त्या स्रावात जंतू खच्चून भरलेले असतात. ओलसर सावलीच्या जागी ते आठवडेच्या आठवडे जगतात. दुसरे जनावर तो चारा खाते, ते पाणी पिते, आणि रोग पुढच्या गोठ्यात जातो. माणसालाही तो होतो. कच्च्या दुधातून होतो आणि उघड्या हातांनी वार ओढल्यानेही होतो. ताप येतो, जातो, परत येतो, सांधे धरतात, घाम फुटतो. मलेरिया म्हणून, टायफॉइड म्हणून औषधे घेत महिने निघून जातात.

लसीची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. १९२३ साली अमेरिकेत जॉन बक नावाच्या पशुवैद्याने एका जर्सी गाईच्या दुधातून हा जंतू वेगळा काढला. त्याची नळी प्रयोगशाळेत वर्षभर तशीच, साध्या हवेत राहून गेली. पुढे पाहतात तो जंतू जिवंत, पण त्याचा जोर गेलेला. तोच 'एस-१९' हा वाण आजही कालवडींना टोचतात. लस जिवंत जंतूंची असल्यामुळे ती टोचणाऱ्याला जपावे लागते. सुई चुकून स्वतःला लागली किंवा थेंब डोळ्यात उडाला तर रोग त्यालाच व्हायचा.

दिवाळीनंतर गुरांचे डॉक्टर आमच्याकडे आले. गाईला लाळ्या-खुरकुताचे इंजेक्शन दिले, तांबूचे दात पाहिले, जन्माची तारीख विचारली आणि म्हणाले, "हिला गर्भपाताची लस द्यायची वेळ आहे. पण बाटली एकदा विरघळवली की काही तासांत संपवावी लागते. एका कालवडीसाठी फोडली तर बाकीची वाया जाते. तुम्ही निदान चार-पाच कालवडी एका ठिकाणी जमवा. मी बर्फाच्या पेटीतून घेऊन येतो."

आमच्या वाडीत त्या वयाच्या कालवडी दोनच. वरच्या वाडीत तीन होत्या, त्यांतल्या दोन नानांच्या. म्हणजे तांबूची लस नानांच्या हातात होती! हिशेब साधा होता, पण वर जायला पाय उचलत नव्हता. त्याचे कारण सांगायला हवे.

आदल्या वर्षी नानांच्या थोरल्या गाईने सातव्या महिन्यात गाभ टाकला होता. आदल्या संध्याकाळी आजी त्यांच्या गोठ्यावरून सरपण घेऊन आली होती, आणि गाईकडे पाहून "भरली हो चांगली" असे म्हणाली होती. एवढे निमित्त पुरले. म्हातारीची नजर लागली, असे वरच्या वाडीत झाले. तोंडावर कोणी बोलले नाही. बोलत नाहीतच. पण तेव्हापासून आजीने वरची पायवाट सोडली आणि ती सरपणाला लांबून, ओढणीच्या वळणाने जाऊ लागली. गुडघे दुखणाऱ्या म्हातारीला तो वळसा किती पडतो, हे मी तिच्याबरोबर चालून पाहिले आहे.

मी एका सकाळी वर गेले. नाना अंगणात भाताच्या पेंढ्या रचत होते.

"नाना, मंगळवारी डॉक्टर येणार आहेत. कालवडींना लस द्यायची आहे. तुमच्या दोन आल्या तर बाटली फोडता येईल."

"कसली लस?"

"गाभ टाकू नये म्हणून."

नानांनी पेंढी खाली ठेवली. "पोरी, इंजेक्शन दिलेली कालवड पुढे फळत नाही म्हणतात. आणि गाभ कशाने टाकला ते आम्हाला माहीत आहे."

मला बोलता येईना. वादविवाद स्पर्धेत बक्षीस मिळवलेली मी. पण 'आम्हाला माहीत आहे' या वाक्यापुढे कुठला मुद्दा मांडायचा? तेवढ्यात नानांची सून दारात आली. आम्ही तिला वहिनीच म्हणतो. ती माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. तिने विचारले, "त्या रोगाने माणसाला ताप येतो का गं?"

येतो, मी म्हटले. येतो, जातो, परत येतो.

ती काहीच बोलली नाही. पदराने हात पुसत आत गेली. मी परत निघाले. आजीला मी फक्त 'विचार करतो म्हणाले' एवढेच सांगितले. आजीने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आमच्या लहानपणी देवी काढणारा आला की आमी माळ्यावर लपायचो. त्याने आमच्या आयेला एक दिवस नाही सांगितलं की तुमची पोरं मरतील. तो नुसता दर वर्षी यायचा. येत रहायला लागतं."

मंगळवारी शाळेच्या पटांगणात आम्ही तांबूला मोरकी घालून नेले. आमच्या वाडीतली दुसरी कालवडही आली. डॉक्टरांनी पेटी सावलीत ठेवली आणि घड्याळाकडे पाहिले. दोन कालवडी, तीन माणसे आणि एक बर्फाची पेटी! अर्धा तास गेला. मग वरच्या पायवाटेवरून वहिनी आली. दोन्ही हातांत दोन दावी, आणि पुढे ओढत निघालेल्या तिच्या दोन कालवडी. पाठोपाठ वरच्याच वाडीतला एक मुलगा तिसरी घेऊन धावत आला. नाना आले नाहीत. पण त्यांनी अडवलेही नव्हते, आणि हेही काही थोडे नाही.

डॉक्टरांनी हातमोजे चढवले, डोळ्यांवर चष्मा लावला, तोंडाला पट्टी बांधली. सुक्या लसीच्या बाटलीत सोबतचे पाणी घालून ती हलकेच फिरवली. मी तांबूची मान काखेत धरली. तिच्या मानेची कातडी चिमटीत उचलून त्यांनी दोन मिलीलिटर लस कातडीखाली सोडली. तांबूने एकदा अंग झाडले, बस्स. खरी झटापट झाली ती कानाला बारा आकडी पिवळा बिल्ला मारताना. आकडे मोबाईलवर नोंदले गेले. जात, वय, लसीची तारीख, मालकाचे नाव. मालक म्हणून आईचे नाव लिहिले. त्या नोंदीकडे मी जरा जास्तच वेळ पाहत राहिले. ज्या घराकडे गुरे मेल्यावरच यायची, त्या घराच्या नावावर एक जिवंत कालवड सरकारदरबारी चढली होती.

सामान आवरताना डॉक्टरांनी वहिनीला विचारले, "गेल्या वर्षी गाभ टाकला तेव्हा वासरू कोणी ओढले?"

"मीच."

"हातात काही घातले होते?"

"काय घालणार?"

"आणि वार कुठे टाकली?"

वहिनीने पऱ्याकडे बोट दाखवले. पऱ्याच्या त्या जागेच्या खाली शंभर पावलांवर आमचा गुरांचा पाणवठा आहे.

डॉक्टर रागावले नाहीत. गाभ टाकायला इतरही कारणे असतात, रक्त तपासल्याशिवाय काही म्हणता यायचे नाही, असे त्यांनी सांगितले. नानांच्या गाईचे आणि आमच्या गाईचेही रक्त त्यांनी घेतले. वहिनीला चिठ्ठी देऊन माणसांच्या दवाखान्यात तपासून घ्यायला सांगितले. आमच्या गाईत काही निघाले नाही. नानांच्या गाईत रोग निघाला. वहिनीतही निघाला. वर्षभर तिला सांजेचा ताप येत होता, कंबर धरत होती, आणि घरात 'कामाचा कंटाळा' असे त्याला नाव पडले होते. सहा आठवडे गोळ्या घेतल्यावर ती बरी झाली.

ही बातमी मी आजीला सांगितली तेव्हा मला वाटले, ती म्हणेल, बघा, माझी नजर नव्हती. एक वर्ष तिने वळसा घातला होता. एवढे म्हणण्याचा तिला हक्क होता. ती म्हणाली, "म्हंजे त्या पोरीला वरीसभर दुखत व्हतं, आणि कुणी विचारलं नाही?" आणि दुसऱ्या दिवशी सरपणाला जाताना तिने वरची पायवाट धरली. नानांच्या अंगणापाशी नाना नुसते "काय म्हातारे, गुडघे कसे आहेत?" असे म्हणाले. आमच्याकडे माफीचा उच्चार होतो तो असाच. ज्याला ऐकायचा तो ऐकतो.

मला तेव्हापासून एक गोष्ट पुन्हा पुन्हा वाटते. उतरंडीच्या समाजात पाणवठ्याची रचना नेहमी अशी होती की, वरच्याने आधी प्यायचे आणि खालच्याने त्याच्या खाली. कारण खालच्याच्या स्पर्शाने पाणी बाटते. रोगाने हे सगळे उलटे करून दाखवले. घाण वरून खाली आली होती, आणि ती कोणाच्या जातीची नव्हती. न पुरलेल्या वारेची होती. उद्या आमच्या गोठ्यात तो जंतू शिरला असता तर एकत्र चरणाऱ्या गुरांतून तो पुन्हा वरही गेलाच असता. आमच्या तांबूला एकटीला लस मिळू शकत नव्हती. बाटलीच एकटीसाठी फुटत नव्हती. नानांच्या कालवडीही आमच्या दोन आल्या म्हणूनच लस घेऊन गेल्या. तळे सर्वांचे आहे हे कोर्टाला सांगावे लागले. पऱ्या सर्वांचा आहे हे एका सूक्ष्म जंतूने आम्हाला कोर्टाविना सांगितले.

हे होते, याला पुरावा आहे. ज्या बुळकांडीने आमच्या पणजोबांच्या काळी गोठे बसत, तिचा अभ्यास करण्यासाठी १८८९ साली पुण्यात सरकारी प्रयोगशाळा निघाली; पुढे ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली. तिथेच शेळ्यांच्या अंगातून काढलेली बुळकांडीची लस तयार झाली. ती गावोगाव, गोठोगोठी टोचली गेली. भारतात बुळकांडीचा शेवटचा रोगी १९९५ साली सापडला, आणि २०११ साली ती जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा दुसरा रोग. अमक्याचा गोठा वगळला असता तर तो पुसला गेला नसता. २०२२ साली लम्पी आली तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचून आपण निभावले. गाईने माणसाला दिले, शेळीने गाईला दिले. या देवाणघेवाणीत शिवाशिव कुठे बसवायची?

आपल्यापैकी पुष्कळ जण खेड्यांतून, डोंगरातल्या वाड्यांतून येतात. सुटीत घरी जाल तेव्हा गोठ्यात चार ते आठ महिन्यांची कालवड आहे का, तेवढे पाहा. असली तर शेजारच्या वाडीतल्या कालवडीही मोजा. वरच्या असोत की खालच्या. गाभ टाकला तर उघड्या हातांनी धरू नका, आणि वार पाण्यात टाकू नका. खोल खड्डा करून, चुना घालून पुरा. दूध उकळल्याशिवाय पिऊ नका. आणि घरात कोणा बाईला वर्षभर सांजेचा ताप येत असेल, तर तिला कामाचा कंटाळा आहे असे म्हणण्याआधी दवाखान्यात न्या.

तांबूच्या मानेवर दोन दिवस सुपारीएवढी गाठ होती. मग ती जिरली.